स्कोवियानं खासदारांना काय वाढलं

युगांडाच्या सरहद्दीजवळच्या काजो-केजीच्या गावात माझं अंगण आणि स्कोवियाच्या सासूचं अंगण, यांच्यामध्ये ज्वारीची कणगी उभी होती. त्या कणगीच्या सावलीत मी शेंगा फोडत बसले होते आणि पलीकडे सासू-सुनेचं जुंपलं होतं. मी ऐकत नव्हते, कान उघडे होते एवढंच.

भांडण कोंबडीवरून होतं. जुनं धान्य संपत आलेलं, नव्या कणसात अजून दूध धरायचं होतं. नेमक्या अशा दिवसांत सासूचा मावसभाऊ पाहुणा आला आणि सासूनं घरातली एकुलती एक अंडी देणारी कोंबडी कापायला काढली.

"आई, आपण इतके दिवस चवळीचा पाला खातोय. मामांनाही पालाच वाढू," स्कोविया म्हणत होती. "तीळ वाटून घालते, चांगला होईल. ते काय परके आहेत?"

"पाहुण्यासमोर घराची भूक नागडी करतेस? तुझ्या माहेरी असंच करतात वाटतं?"

"माझ्या माहेरी पाहुण्याशी खोटं बोलत नाहीत."

"कोंबडी म्हणजे खोटं?"

"या दिवसांत? पिसांसकट खोटं."

सासूच्या हातातली पळी आपटल्याचा आवाज आला. कोंबडी अर्थातच कापली गेली. मामा जेवला, बोटं चाटली आणि निघताना म्हणाला, या घराची भरभराट बघून बरं वाटलं, पोराचं लग्न काढलंय, तर एक शेळी देशील का? आता नाही कसं म्हणायचं? कोंबडी पोटात घालून आणि शेळी दोरीला बांधून मामा गेला.

स्कोविया हसू आवरायला कणगीमागे आली, तर तिथं मी.

"सगळं ऐकलंस ना, मावशी?"

"मी शेंगा फोडतेय गं."

"हो ना. दाणे आणि टरफलं एकाच टोपलीत टाकतेयस."

तेव्हापासून आमचं जमलं. ती तेव्हा नवी नवरी होती, उंच, पुढच्या दोन दातांत फट, आणि हसली की आधी खांदे हसायचे. सासूशी ती भांडली तशी पुढे साऱ्यांशी भांडली, पण सासू अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं हिनंच केलं. एका हातानं पुसायची, दुसऱ्या हातानं वाद घालायची.

मग लढाई आली. लढाईचं मी सांगत नाही, ज्यांनी सुरू केली त्यांनी सांगावं. आम्ही सरहद्द ओलांडून युगांडात आलो, निर्वासितांच्या लाल मातीच्या वसाहतीत आम्हाला तुकडे आखून दिले आणि योग असा की पुन्हा माझ्या कुंपणाला तिचं कुंपण. तिचा नवरा वाटेत गेला होता. मुलगी इथं आल्यावर बाळंतपणात गेली आणि मागे नात ठेवून गेली, व्हिओला.

व्हिओला म्हणजे गोड पोर, पण पळाली की ओठ जांभळे व्हायचे. डॉक्टर म्हणाले, काळजाला भोक आहे, ते शिवायचं काम दूर देशीच होईल. मग सुरू झाल्या एका दूर देशाच्या मुलाखती. इथून तिथे, तिथून इथे. तुझं नाव काय, आईचं नाव काय, कुठून आलीस, का आलीस. स्कोविया म्हणायची, "लग्न जमवतानासुद्धा माझ्या बापानं इतकं विचारलं नव्हतं." शेवटी त्या देशानं हो म्हटलं. आजी आणि नात, दोघींना घेतो, पोरीचं काळीज शिवतो, तिथंच घर देतो.

आमच्याकडे जाणारा माणूस आपली भांडीकुंडी वाटून जातो आणि दिलेलं परत मागायचं नसतं. स्कोवियानं सगळं वाटलं. मला तिची मोठी कढई आली. निरोपाचं जेवण झालं, गाणी झाली, पेटी बसमध्ये चढली. आणि ती बस नाक्यावरून माघारी आली.

त्या देशात नवे लोक गादीवर बसले होते. बाहेरच्या माणसांना घेणं बंद, म्हणाले. त्यावरचा खर्च बंद. जगभरच्या भुकेल्यांना पाठवायचं पीठ आणि तेलही कमी. विमान आणि पीठ, दोन्ही एकाच विहिरीवरचं पाणी होतं, आणि त्यांनी दोरच कापला.

स्कोविया रिकाम्या झोपडीत आली. तिनं कुणाकडे काही मागितलं नाही, मागायचं नसतंच. दुसऱ्या दिवशी उजाडताना तिच्या कुंपणाशी पातेली, माठ, खुरपी, माझ्याकडची कढई, सगळं ओळीनं मांडलेलं होतं. कुणी ठेवलं ते कुणीच पाहिलं नाही. भरलेली पेटी मात्र तिनं उघडली नाही. "ती व्हिओलाची आहे," म्हणाली, "ती तिकडेच उघडेल."

पोर दिवसेंदिवस बसूनच राहायला लागली होती. डॉक्टरांनी स्कोवियाला बाजूला घेऊन सांगितलं की फार वाट बघता येणार नाही. ती मला म्हणाली, "मावशी, मी कुणाशी भांडू ते तरी सांग. समोर कुणी दिसतच नाही."

आणि मग समोर दिसायची वेळ आली.

वसाहतीच्या कचेरीतला तोंबे, आमच्याच भाषेचा पोरगा, दुभाष्याचं काम करायचा, तो सायकल दामटत आला. त्या देशाचे खासदार येतायत. जे हात वर करतात आणि पैसे मोकळे होतात, तेच. त्यांच्या सभेत पुन्हा मतदान आहे, कापलेलं परत द्यायचं की नाही यावर. त्याआधी त्यांना डोळ्यांनी बघायचंय.

वसाहतीला पंख फुटले. लुलूच्या झाडाखाली बायकांची बैठक बसली. आमच्या बायांची पुढारी युनिया. रुंद हाडाची, चर्चमधल्या गाण्यात पहिला सूर तिचा, आणि मान इतकी ताठ की डोक्यावर पाण्याचा डबा ठेवून ती नाचूही शकेल. तिनं लगेच कामं वाटली. नाच तरुण पोरींचा, खुर्च्या चर्चमधल्या, चादरी ज्यांच्या चांगल्या असतील त्यांच्या. प्रत्येकीनं थोडं थोडं पीठ काढायचं, एक बोकड कुणीतरी द्यायचा.

स्कोविया उठली. "मागच्या पाहुण्यांच्या वेळी हेच केलं होतं."

"मग? काय उणं पडलं होतं?"

"काहीच नाही, तेच तर. आपण नाचलो, बोकड वाढला. त्यांनी विचारलं, खायला पुरतं का? आपण काय म्हणालो?"

आमच्यात कुणी विचारलं जेवलात का, तर जेवलो, पोट भरलंय, हेच म्हणायचं असतं. चुलीत मांजर झोपलेलं असलं तरी. ते तोंडाला आपोआप येतं, खोकल्यासारखं.

"म्हणालो, पोट भरलंय," स्कोविया म्हणाली. "ते खूश होऊन गेले. पुढे पीठ कमी झालं. आता त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही देवाला ठाऊक. पण भरल्या पोटाला कोण वाढतं, तुम्हीच सांगा."

"मग काय, पाहुण्यांना उपाशी बसवायचं?" युनियाचा आवाज चढला. "व्हिओलाच्या आजी, झाकली मूठ झाकलेलीच बरी असते."

"मूठ झाकून झाकून बोटं वाळली, युनिया. उपाशी कोण बसव म्हणतंय? पाहुण्याला वाढायचंच. पण त्या दिवशी आपल्या चुलीवर जे शिजेल तेच, आपल्याच पंगतीला."

"ती पातळ पेज? खासदारांना?"

"आपण खातो ना ती? आपण काय जनावरं आहोत?"

गलका झाला. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. युनिया माझ्याकडे वळली. "हबोबा, तुम्ही थोरल्या. तुम्ही सांगा हिला." हबोबा म्हणजे आजी, मला सगळे तेच म्हणतात.

मी म्हटलं, "माझी भूक आणि माझी लाज, दोघी आत भांडतायत. त्या थांबल्या की सांगते."

बायका हसल्या आणि हसता हसता स्कोवियाकडे झुकल्या. आधी लेकुरवाळ्या, मग बाकीच्या. बोकड रद्द झाला. युनिया काही न बोलता चटई झटकून निघून गेली. ती बोलली असती तर मला कमी भीती वाटली असती.

पाहुणे आले त्या सकाळी पोरं झाडांवर चढून बसली होती. पांढऱ्या गाड्या धुळीतून दिसल्या आणि बायकांच्या जिभा सुटल्या, लिलिलिलिली, नुसतं आभाळ थरथरलं. माझे गुडघे दुखतात, पण त्या दिवशी ते कुठे होते मला माहीत नाही. गाड्यांतून एक बाई उतरली, उन्हानं मान लाल झालेली, आणि एक उंच म्हातारा, मोठी टोपी घातलेला. दोघंही खासदार. मागे कागदवाले, कॅमेरेवाले. तोंबेनं इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याचा घाम त्या सदऱ्याला ऐकत नव्हता.

खुर्च्या होत्या, पण स्कोवियानं त्यांना चटईवर बसवलं, आमच्या पंगतीत. पेज आली. एकेक कप, सगळ्यांना सारखा. खासदारबाई ती प्यायली. चांगली आहे म्हणाली. मग तोंबेच्या तोंडून विचारलं, "हा सकाळचा नाश्ता का?"

"नाही, बाई," स्कोविया म्हणाली. "सकाळचं हेच, दुपारचं हेच. रात्री याची आठवण काढायची."

तोंबेनं ते त्यांच्या भाषेत सांगितलं. बाईनं कपाच्या तळाशी बघितलं. म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. माझ्या मनात आलं, जमतंय, जमतंय.

आणि तेवढ्यात वास आला.

कांदा, शेंगदाण्याचं वाटण, बोकडाची चरबी. साऱ्या पंगतीच्या माना एकदम वळल्या, वारा सुटल्यावर पीक वळतं तशा. युनिया येत होती. डोक्यावर झाकलेली परात, ठेवणीतली निळी चादर खांद्यावर गाठून नेसलेली, मान तशीच ताठ. पहाटे तिनं स्वतःचा बोकड कापला होता, कुणाला न सांगता. तिनं परात पाहुण्यांपुढे ठेवली, झाकण काढलं आणि म्हणाली, "ही या वसाहतीची पद्धत. मघाचं काय होतं ते विसरा."

मी डोळे मिटले.

स्कोवियाचा आवाज आला, अगदी शांत. "खा, बाई. युनियानं मनापासून केलंय. पण खाताना एवढं लक्षात असू द्या. हा तिचा एकच बोकड होता. तो विकून तिच्या लेकीला शाळेत घालायचं होतं. आता तो तुमच्या ताटात आहे आणि उद्या युनियाच्या घरी पेजच आहे."

"माझा बोकड, माझे पाहुणे," युनिया कडाडली. "तू कोण त्याच्या चुगल्या करणारी?"

"चुगली कसली? बोकडाची कीर्ती गातेय."

"तुझ्या पेजेनं खासदारांची पोटं बिघडतील."

"आपली बिघडली का? मग त्यांची काय पिठाची आहेत?"

खासदारबाईनं तोंबेला विचारलं, काय चाललंय? तोंबे अडखळत म्हणाला, स्वयंपाकाबद्दल बोलतायत. स्कोविया त्याच्याकडे वळली. वसाहतीत राहून त्यांची भाषा तिला थोडी कळायला लागली होती.

"तोंबे, बाळा, मीठ काढून वाढू नकोस. सगळं सांग."

त्यानं सगळं सांगितलं. बोकड, शाळा, पेज, चुगली. बाईनं हातातलं ताट खाली ठेवलं. युनियानं ते उचललं आणि परत तिच्या हातात दिलं. "खाल्लंच पाहिजे. नाहीतर माझ्या बोकडाचा जीव फुकट गेला." बाईनं घास घेतला. आमच्या मिरचीनं की आणखी कशानं, तिचे डोळे वाहायला लागले. मग तिनं चटईवर बाजूला जागा केली, युनियाला शेजारी बसवलं आणि विचारलं,

"आणि तुम्ही? तुम्ही जेवलात?"

सगळ्या बायका युनियाकडे बघायला लागल्या. तिचं तोंड उघडलं. त्या तोंडात काय येणार ते आम्हाला ठाऊक होतं. जेवले, पोट भरलंय. जन्मभर तेच आलं होतं, तिच्या आईच्या तोंडात, आजीच्या तोंडात. तिनं परातीकडे बघितलं. मग माझ्याकडे. माझी मान आपसूक हलली, हो की नाही ते मलाच माहीत नाही.

"नाही," युनिया म्हणाली. "कालपासून नाही."

तोंबेनं सांगायचीही गरज पडली नाही, पण त्यानं सांगितलं.

मग जे सुटलं ते सुटलंच. इकडून एक म्हणाली, माझं पोर रात्री चुलीतली राख चाटतं. तिकडून दुसरी म्हणाली, मी पेज मुलांना देते आणि भांडं धुतलेलं पाणी पिते. म्हाताऱ्या बोलायला लागल्या, ज्या नवऱ्यासमोर कधी बोलल्या नव्हत्या. तोंबेची तारांबळ उडाली. कागदवाल्यांच्या लेखण्या धावत होत्या. खासदारबाई प्रत्येकीकडे वळून ऐकत होती, आणि म्हातारा बोकडाच्या परातीतून मुलांच्या हातावर तुकडे ठेवत होता. युनिया डोळे पुसत त्याला दटावत होती, "आधी लहानांना, दादा. तो मोठा आहे, त्याला नंतर."

स्कोविया झोपडीत गेली आणि व्हिओलाला कडेवर घेऊन आली. चालत आणली असती तर धाप लागली असती. तिला तिनं खासदारांच्या समोर बसवलं.

"ही माझी नात," ती म्हणाली. "हिच्या काळजाला भोक आहे. तुमच्या देशानं हो म्हटलं होतं. हिची पेटी भरलीय. आम्ही न बोलावता तुमच्या दारात आलो नव्हतो, बाई. तुम्ही बोलावलंत, आणि उंबऱ्यावरून परत पाठवलंत. आमच्याकडे शत्रूलासुद्धा असं करत नाहीत."

तिनं व्हिओलाचा झगा नीट केला आणि पुढे म्हणाली,

"आम्ही ऐकलंय, तुमच्या सभेत हात वर केला की इथं पीठ येतं आणि विमान उडतं. खरं का?"

म्हातारा म्हणाला, "साधारण तसंच. पण माझ्या एकट्याच्या हातानं होत नाही."

"मग शेजारच्याचाही धरून वर करा."

तोंबेनं ते सांगितलं तसा म्हातारा हसला. स्कोवियाचे खांदेही हलायला लागले होते. "दाखवा बरं कसा करता," ती म्हणाली. "आम्ही कधी बघितला नाही."

तोंबेला हे सांगावं की नाही कळेना. स्कोवियानं त्याच्याकडे बघितलं, आणि त्यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं खांद्यापर्यंत हात नेला.

"एवढ्यानं? एवढ्यानं तर अंगावरची माशी उठत नाही."

म्हातारा उभा राहिला. टोपी खाली पडली. त्यानं हात पार वर नेला, बोटं ताणून, पांढरे केस धुळीत उडतायत, आणि त्याच्या शेजारी ती बाईही उठली, हात वर करून. झाडावरच्या पोरांनीही केले. मग बायकांनी. युनियाचा हात सगळ्यांत उंच, आणि तिच्याच गळ्यातून पहिली लिलिली निघाली. ती एकीकडून सुरू झाली आणि वसाहतीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली, जिथल्या बायकांना काय झालंय तेही माहीत नव्हतं. मी आयुष्यात बरीच लग्नं पाहिली. असा आवाज कुठल्या लग्नात ऐकला नाही.

गाड्या गेल्यावर स्कोविया आणि युनिया दोघी परात घासत बसल्या. "तुझी पेज खरंच पातळ झाली होती," युनिया म्हणाली. "तुझ्या बोकडात मीठ जास्त होतं," स्कोविया म्हणाली.

मग वाट बघणं आलं. मतदानाच्या दिवशी तोंबेचा रेडिओ लुलूच्या फांदीला टांगला होता आणि खाली निम्मी वसाहत. रेडिओ खरखरायचा, तोंबे कान लावायचा, आम्ही तोंबेचं तोंड वाचायचो. मध्येच त्याचं तोंड पडलं. आमच्या खालची जमीन गेली. काय झालं म्हटलं, तर बॅटरी संपली. युनियानं त्याला काय काय म्हटलं ते मी सांगत नाही. कुणीतरी धावत जाऊन दुसरी बॅटरी आणली, आणि तेवढ्यात तिकडे निकाल लागूनही गेला होता. बातम्या पुन्हा सांगेपर्यंत स्कोवियानं माझा हात असा धरला होता की माझी बांगडी वाकली.

थोड्याच हातांच्या फरकानं पारडं इकडे पडलं होतं.

सगळं परत आलं नाही, तेही सांगते. पिठाचं माप पूर्वीइतकं भरत नाही, पण दोन वेळा चूल पेटते. माणसं नेण्याची वाट उघडली ती अरुंद आहे आणि पुष्कळ लोक अजून रांगेत आहेत. ज्यांचे हात अजून खाली आहेत त्यांनी ते वर करावेत, एवढ्यासाठीच तर मी हे सांगत बसलेय. पण आजारी मुलं आधी, असं ठरलं, आणि व्हिओलाचं नाव पुकारलं गेलं. स्कोविया ते ऐकून नाचली नाही. पेटीशेजारी जाऊन बसली आणि तिच्यावरची धूळ पदरानं पुसत राहिली. मग एकदम उठली आणि नाचली.

बस निघायच्या सकाळी मी तिच्या झोपडीशी गेले तर ती नव्हती. व्हिओला नवे बूट घालून पेटीवर बसली होती. बूट तिला मोठे होते.

"आजी कुठंय गं?"

"गिरणीवर."

वाटपात कधी पिठाऐवजी मका यायचा, माझा मका दळून आणायचं काम तिचं होतं. माझ्यानं तेवढं वजन डोक्यावर घेऊन चालवत नाही, म्हणून वाटप झालं की माझी पिशवी ती न विचारता घेऊन जायची. बस नाक्यावर हॉर्न वाजवत होती. तोंबे हातवारे करत होता. युनिया वाटेकडे बघत होती आणि बडबडत होती, हिला आता विमानसुद्धा थांबवायचंय.

स्कोविया आली, डोक्यावर पिशवी, भुवयांवर पीठ. घाईत नव्हती. गिरणीवाल्यानं पिठात कोंडा जास्त ठेवला म्हणून त्याच्याशी भांडून आली होती. पिशवी माझ्या दाराच्या आत, उंदीर पोचणार नाहीत अशी खुंटीला अडकवली, हात झटकले.

"जाड दळलंय, मावशी. वापरायच्या आधी चाळून घे," म्हणाली, आणि बसकडे गेली.